निवड न होणे आणि कर्माची पाच कारणे

(गीता, अध्याय अठरावा, श्लोक १३ ते १६ यांचा अभ्यास)

गीतेचा उपदेश रणांगणावर झाला. परंतु गृहस्थाला त्याची गरज निराळ्याच ठिकाणी पडते. जेवणाच्या वेळी एक पान तसेच राहते तेव्हा, शेजाऱ्यांनी मुलाच्या नोकरीचे काय झाले असे सहज विचारले म्हणजे, किंवा रात्री सर्व दिवे मालवल्यावरही एका बंद खोलीच्या दाराखालून उजेडाची रेघ दिसत राहते तेव्हा, नित्यपाठात वर्षानुवर्षे म्हटलेल्या श्लोकांचा अर्थ प्रथमच विचारावासा वाटतो. प्रस्तुत पाठात अशाच एका प्रसंगाच्या आधाराने अठराव्या अध्यायातील चार श्लोकांचे मनन करावयाचे आहे.

प्रसंग

सांप्रत देशातील असंख्य घरांतील मुलेमुली सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहेत किंवा त्यात प्रवेश मिळावा म्हणून झटत आहेत. या व्यवसायात नोकरी देण्यापूर्वी तांत्रिक मुलाखत घेण्याची रीत आहे. ती एका बैठकीत संपत नाही. तिच्या चार-पाच फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत ठराविक वेळात एक-दोन कूटप्रश्न सोडवावयाचे असतात. पुढील फेऱ्यांत कंपनीचा एखादा अनुभवी अभियंता प्रश्न घालतो आणि उमेदवार कोड लिहीत असता त्याची प्रत्येक ओळ पाहत राहतो. एखाद्या फेरीत मोठ्या व्यवस्थेची रचना सांगावयाची असते. उदाहरणार्थ, एकाच क्षणी लाखो माणसे तिकीट काढू लागली तरी एकच जागा दोघांना विकली जाऊ नये, यासाठी काय योजना करावी? शेवटी पूर्वीच्या कामाविषयी व स्वभावाविषयी संभाषण होते.

बडोद्यास तीन पिढ्यांपासून राहिलेल्या एका मराठी कुटुंबातील तरुणाने अशा पाच फेऱ्या दिल्या. वडील बँकेतून निवृत्त झालेले. घराच्या कर्जाचे हप्ते चालू. सहा महिने तो दिवसा हातची नोकरी करी आणि रात्री दोनपर्यंत अभ्यास करी. मुलाखती घरूनच, संगणकावर झाल्या. त्या दिवसांत आई कुकर लावीत नसे, कारण शिटीचा आवाज मुलाखतीत जाईल. वडील दाराबाहेर खुर्ची टाकून बसत, म्हणजे कोणी घंटा वाजवू नये. पाचवी फेरी संपली तेव्हा मुलाखत घेणारे गृहस्थ हसून, "लवकरच भेटू," असे म्हणाले. घरात सर्वांनी धरून चालले की काम झाले. वडिलांनी दोन नातलगांना तसे कळविलेही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी दोन ओळींचे पत्र आले. आपण दिलेल्या वेळेबद्दल आभार; परंतु या जागेसाठी आम्ही अन्य उमेदवारांचा विचार करीत आहोत. कारण काही दिलेले नव्हते. त्याने विनयाने कारण विचारले, तेव्हा ते सांगण्याची आमची प्रथा नाही, एवढेच उत्तर मिळाले.

वडिलांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा : "पण चुकलास कुठे?" त्यात राग नव्हता, चिंताच होती. तथापि मुलाच्या मनात तोच प्रश्न आधीपासून सलत होता. तो उठला आणि खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने अभ्यासाच्या वह्या बांधून माळ्यावर टाकल्या.

त्या घरी वडिलांचे ज्येष्ठ बंधू राहतात. ते नित्य गीतापाठ करणारे. दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. फक्त पुतण्याबरोबर जेवले आणि त्याच्याबरोबर फिरावयास गेले. तिसऱ्या रात्री ते ओसरीवर झोपाळ्यावर बसले असता पुतण्या आपण होऊन शेजारी येऊन बसला.

"काका, मला एवढेच सांगा, माझे चुकले कुठे?"

"तुझेच चुकले, हे तू कशावरून ठरवलेस?"

"मग निवड का झाली नाही?"

"निवड न होणे हे फळ आहे, बाळ. एका फळाला एकच कारण असते, असे तुला कोणी शिकवले?"

आमच्या पाठाचा आरंभ येथून होतो.

श्लोकांचा आशय

अठराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात की, कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात, आणि ही गोष्ट सांख्यसिद्धांतात सांगितलेली आहे. ती पाच अशी : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळ्या प्रकारची करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव. मनुष्य शरीराने, वाणीने वा मनाने जे काही करतो, मग ते न्याय्य असो वा विपरीत, त्याच्या मुळाशी ही पाचही असतात. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय. त्याला खरे दिसतच नाही.

यातील 'केवळ' या शब्दाकडे भाष्यकारांचे विशेष लक्ष गेले आहे. श्रीमत् शंकराचार्य त्याचा अर्थ शुद्ध, निरुपाधिक आत्मा असा घेतात; असा आत्मा मुळात अकर्ताच असल्यामुळे त्यावर कर्तृत्व लादणे हे अज्ञान ठरते. दुसरा सरळ अर्थ असा की, पाच कारणे असता एकट्या स्वतःलाच कारण मानणे हे अज्ञान. पहिला अर्थ ज्ञाननिष्ठाचा आहे. गृहस्थाने दुसऱ्या अर्थापासून आरंभ करावा. तो पचला तर पहिल्याकडे जाण्याची वाट आपोआप मोकळी होते.

पाच कारणांचा विचार

आता त्या रात्री काकांनी पुतण्याला जसा विचार करावयास लावला, तसाच तो क्रमाने करू.

१. अधिष्ठान. प्राचीन भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर. अर्वाचीन विवरणात कर्म जेथे घडते ती जागा, असाही अर्थ घेतात. दोन्ही येथे लागू पडतात. सहा महिने अपुरी झोप घेतलेले शरीर हे एक अधिष्ठान. ज्या कंपनीत, ज्या काळी, ज्या जागेसाठी मुलाखत झाली ते दुसरे अधिष्ठान. शेत कसदार असेल तरच बी रुजेल; आणि या व्यवसायाच्या शेतालाही ऋतू असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने सुमारे ११,००० माणसे कमी केली. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि गूगलच्या मूळ कंपनीने सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे घोषित केले. जे कमी झाले ते सारे एका रात्रीत अडाणी झाले काय? मुळीच नाही, क्षेत्रच आक्रसले. मुलाखती चालू असतानाच जागा रद्द होणे, किंवा कंपनीतल्याच कोणाला ती दिली जाणे, या गोष्टीही या व्यवसायात घडतात. उमेदवाराला त्या दिसत नाहीत, पण त्या असतात.

२. कर्ता. हा उमेदवार स्वतः. त्याचे ज्ञान, स्वभाव, धीर, उतावीळपणा हे सारे येथे येते. गीता कर्त्याला पाचांतून वगळीत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे.

३. करण. साधने बाहेरची असतात तशी आतलीही : इंद्रिये, मन, बुद्धी, स्मृती. कोणी टक लावून पाहत असता हीच साधने पुष्कळदा मंदावतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ४८ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने परीक्षकासमोर फळ्यावर, मोठ्याने बोलत प्रश्न सोडवावयाचा. दुसऱ्याने तसाच प्रश्न खोलीत एकट्याने सोडवावयाचा. ज्यांच्यावर नजर होती त्यांचे काम दुसऱ्यांच्या जेमतेम निम्मे उतरले. प्रयोग लहान आहे, त्यावरून सिद्धांत बांधू नये. परंतु बुद्धी असणे आणि त्या घटकेस बुद्धी हाताशी असणे या दोन गोष्टी आहेत, हे त्यावरून कळते. होमब्रू नावाचे साधन जगभरच्या पुष्कळ अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आहे. त्याचे कर्ते मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये स्वतःच जाहीर केले होते की, एका मोठ्या कंपनीच्या मुलाखतीत फळ्यावर एक पुस्तकी कूटप्रश्न सुटला नाही म्हणून आपणास नकार मिळाला. मुलाखत एका तासाचे कर्म मोजते. आयुष्याचे कर्म मोजण्याचे ते माप नव्हे.

४. चेष्टा. म्हणजे प्रत्यक्ष केलेले विविध प्रयत्न. येथे काकांनी पुतण्याला प्रत्येक फेरी आठवून सांगावयास लावली. सांगता सांगता तोच थबकला. तिसऱ्या फेरीत प्रश्न ऐकताच त्याने घाईने लिहिण्यास प्रारंभ केला होता. माहितीचा साठा किती मोठा असेल, त्यात एकच गोष्ट दोनदा येऊ शकेल काय, रिकामा साठा आला तर काय करावयाचे, यांपैकी काहीच त्याने विचारले नव्हते. शिवाय तो पंधरा मिनिटे गप्प राहून लिहीत होता. उत्तर बरोबर आले. पण ते कसे आले हे समोरच्याला कळले नाही. आणि अशा मुलाखतीत विचार करण्याची रीत पाहावयाची असते, केवळ उत्तर नव्हे. ही उणीव खरी होती आणि दुरुस्त करण्यासारखी होती.

५. दैव. इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता असा याचा एक अर्थ भाष्यात आहे. व्यवहारात, ज्याचा हिशेब आपल्या हाती नाही ते सारे दैव. त्याच आठवड्यात आणखी कोण उमेदवार आले होते, परीक्षकाची आदली रात्र कशी गेली होती, दोन परीक्षकांची मते जुळली की नाही, हे कोणी सांगावे? मोठ्या कंपन्यांतून असेही धोरण पुष्कळदा असते की, योग्य मनुष्य हातचा गेला तरी चालेल, पण अयोग्य मनुष्य आत येऊ नये. म्हणून किंचित शंका आली तरी नकार द्यावा. असे धोरण असल्यावर काही योग्य माणसे नाकारली जाणारच. ती व्यवस्थेने गृहीत धरलेलीच असतात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट मननीय आहे. दैव हे पाचवे आहे, पहिले नव्हे. जो मनुष्य आधीच दैवाला बोल लावतो त्याने चार कारणे न पाहता सोडून दिली. आणि जो दैवाला मोजतच नाही त्याने पाचाच्या जागी चारच धरली. पहिला आळशी होतो, दुसरा खचतो.

अहंकाराचे दुसरे रूप

यश मिळाल्यावर "मी केले" असे म्हणणारा मनुष्य अहंकारी, हे सर्वांना पटते. परंतु अपयश आल्यावर "माझ्यामुळेच झाले, मीच नालायक" असे म्हणणाऱ्याला लोक विनम्र समजतात. गीतेच्या दृष्टीने पाहता दोघांचे वाक्य एकच आहे. दोघेही पाच कारणांपैकी चार पुसून टाकतात आणि 'मी' तेवढा ठेवतात. एक त्या 'मी'ला सिंहासनावर बसवितो, दुसरा त्याच 'मी'ला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. बसविणारा व उभे करणारा अहंकार मात्र एकच.

म्हणूनच आत्मनिंदा ही आत्मपरीक्षा नव्हे. आत्मपरीक्षेने एखादी निश्चित गोष्ट हाती लागते : मी प्रश्नाच्या मर्यादा विचारल्या नाहीत. आत्मनिंदेने काहीच हाती लागत नाही. कारण "मी नालायक" या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. त्या रात्री पुतण्याच्या हाती पहिल्या प्रकारची एक गोष्ट लागली, आणि दुसऱ्या प्रकारचे मोठे ओझे उतरले. सहाव्या अध्यायात भगवंतांनी आपणच आपला मित्र व आपणच आपला शत्रू असल्याचे सांगितले आहे, त्याची प्रचिती अशा वेळी येते. मित्र चूक दाखवितो. शत्रू चुकणाऱ्यालाच चूक ठरवितो.

शंका आणि समाधान

शंका पहिली : फळाची इच्छा धरू नये, असे गीता सांगते. मग कर्जाचे हप्ते असलेल्या गृहस्थाने नोकरी मिळावी असे म्हणूच नये काय?

समाधान : आपल्याकडील कोरडवाहू शेतकऱ्याकडे पाहावे. मृग लागताच तो पेरणी करतो ती पीक यावे म्हणूनच. हेतूवाचून कोणी बी मातीत टाकीत नाही. पण पाऊस दडी मारतो आणि पेरलेले जळते. तेव्हा तो उसनवारी करून का होईना, दुबार पेरणी करतो. बियाणे खराब होते काय, हे तो पाहतो. पेरणीची वेळ पाहतो. पण पाऊस पडला नाही म्हणून 'मी शेतकरीच नव्हे' असे म्हणत नाही. हेतू असणे निराळे आणि फळाने आपली किंमत ठरवू देणे निराळे. गीता दुसऱ्याचा निषेध करते. दुसऱ्या अध्यायातील ४७ वा श्लोक आपण तीन चरणांपर्यंत आठवतो : कर्मावर अधिकार, फळावर नव्हे, फळाच्या हेतूने कर्म करणारा होऊ नकोस. परंतु त्याचा चौथा चरण कर्म न करण्याची ओढही लागू नये, असे बजावतो. ज्याला नकार मिळाला त्याच्यासाठी हा चौथा चरण आहे. वह्या माळ्यावर टाकणे हा फलत्याग नव्हे. फळ मिळाले नाही म्हणून केलेला तो कर्मत्याग आहे, आणि त्याच्या मुळाशी फलासक्तीच आहे.

शंका दुसरी : नाकारली गेलेली माणसे पुढे फार मोठी झाली, अशी उदाहरणे सांगून धीर देऊ नये काय?

समाधान : अशी उदाहरणे खरी आहेत. ब्रायन ॲक्टन यांना २००९ मध्ये ट्विटर आणि फेसबुक या दोन्ही ठिकाणी नकार मिळाला. त्याच वर्षी ते जान कूम यांच्याबरोबर व्हॉट्सॲपच्या कामात पडले, आणि २०१४ मध्ये फेसबुकनेच ते सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. ऐकावयास गोड कथा आहे. पण तिचे सार पाहिले तर ते एवढेच निघते की, लहान फळ गेले तरी हरकत नाही, मोठे फळ मिळणार आहे. हा फलासक्तीवरचा उपाय नव्हे. ती आसक्तीच मोठ्या रकमेवर नेऊन ठेवणे होय. आणि ज्यांना पुढेही मोठे फळ मिळाले नाही, अशा हजारोंना या कथेत काय आधार? गीतेचा आधार पुढील यशावर अवलंबून नाही. तो आजच्या रात्री, हाती काही नसताना, उपयोगी पडतो; तेथेच त्याचे महत्त्व आहे.

शंका तिसरी : दुःख झाले म्हणजे समत्व गेले, असे समजावे काय?

समाधान : नाही. शीत, उष्ण, सुख, दुःख ही येतात आणि जातात, ती सहन कर, असे भगवंत दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच सांगतात. येतच नाहीत असे ते म्हणत नाहीत. अठराव्याच अध्यायात पुढे सात्त्विक कर्त्याचे लक्षण सांगितले आहे. तो आसक्तिरहित असतो, 'मी मी' म्हणत नाही, त्याच्या ठायी धैर्य व उत्साह असतो आणि सिद्धी व असिद्धी यांनी तो बदलत नाही. उत्साह हा शब्द विसरू नये. ज्याला काही वाटतच नाही अशा दगडाचे हे वर्णन नव्हे. अपयशानंतरही ज्याचा उत्साह उरतो त्याचे हे वर्णन आहे. त्यानंतरच्याच श्लोकांत हर्षशोकाने हेलकावणाऱ्या राजस कर्त्याचे आणि खिन्न, चेंगट अशा तामस कर्त्याचे लक्षण आहे. नकाराच्या रात्री मनुष्य राजस असतो. वह्या माळ्यावर राहिल्या तर तो हळूहळू तामस होतो. सावध व्हावे ते येथे.

घरातील माणसांचा धर्म

आपल्या कर्माचे फळ सोडणे कठीण आहे. मुलाच्या कर्माचे फळ सोडणे त्याहून कठीण. आईवडिलांची आसक्ती प्रेमाच्या वस्त्रात येते, म्हणून ती ओळखू येत नाही. कुकर न लावणारी आई आणि दाराशी पहारा देणारे वडील यांचे प्रेम निःसंशय, पण निकालानंतर "चुकलास कुठे?" असे विचारताना त्या प्रेमाला फळाची ओढ लागली होती. वडिलांच्या मनात दोन नातलगांना दिलेली बातमीही होती. मुलाच्या यशावर आपली प्रतिष्ठा उभी केली की, त्याच्या अपयशाने आपला तोल जातो, आणि ज्याला सावरावयाचे त्याच्यावर आपणच भार होतो.

अशा वेळी काय करावे, याचा धडा गीतेच्या रचनेतच आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन धनुष्य टाकून बसेपर्यंत बोलत राहतो. त्या सबंध अध्यायात भगवंतांच्या मुखी शब्द येतात ते जेमतेम अर्ध्या श्लोकाचे, आणि तेही विषादापूर्वीचे. विषाद पूर्णपणे बोलून होईपर्यंत ते मध्ये पडत नाहीत. दुसऱ्या अध्यायात ते प्रथम अर्जुनाला जागे करतात. पण तत्त्वाचा उपदेश सुरू होतो तो त्याने आपण होऊन शिष्यभावाने विचारल्यानंतर. काकांनी दोन दिवस मौन धरले ते याच कारणाने. आधी जेवण, आधी सोबत, उपदेश विचारल्यावर. घरात कोणी अपयश घेऊन आले असता हा क्रम उलटा करू नये. आणि खिन्नता फार दिवस टिकली, झोप व अन्न सुटले, जगण्याविषयी निराशेचे शब्द कानी आले, तर ते निव्वळ समजुतीने जाईल अशा भरवशावर न राहता त्याला एकटे न सोडता विनाविलंब वैद्यकीय साह्य घ्यावे. तेही कर्तव्य कर्मच आहे.

वडिलांनी पुढे एक गोष्ट केली. त्या दोन नातलगांना त्यांनी स्वतः दूरध्वनी करून सांगितले, "निवड झाली नाही. त्याने काम मन लावून केले होते." बाहेरच्या खोलीतील हे वाक्य मुलाने आतून ऐकले.

मुलाखत घेणाऱ्याचा धर्म

या नियतकालिकाच्या वाचकांत खुर्चीच्या पलीकडे बसणारेही असतील. निवड सर्वांची करता येत नाही. नाकारणे हा दोष नव्हे. वादविवादाच्या भीतीने पुष्कळ कंपन्या कारण सांगत नाहीत, हेही समजण्यासारखे आहे. परंतु सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे : दुसऱ्याला उद्विग्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे. जी आशा पुरी करणे आपल्या हाती नाही ती हसून दाखवू नये. निकाल ठरल्यावर दिवसांमागून दिवस ताटकळत ठेवू नये. आणि एखादी हिताची सूचना देता येत असेल तर ती द्यावी. समोरच्याने त्या एका तासासाठी किती रात्री घातल्या आहेत, हे आपणास दिसत नसते. स्वतःच्या पहिल्या मुलाखतीचे स्मरण ठेवले तरी पुरेसे आहे.

आचरण

काकांनी पुतण्याला एक वही उघडावयास सांगितली. प्रत्येक मुलाखतीनंतर, निकाल येण्यापूर्वीच, एका पानावर पाच रकाने पाडून पाचही कारणे लिहावयाची. निकाल येण्यापूर्वी लिहिणे महत्त्वाचे. कारण निकालानंतरची लेखणी फळाच्या शाईत बुडालेली असते. कर्ता व चेष्टा यांच्या खाली जे येईल त्यावर दुसऱ्या दिवसापासून काम करावयाचे. करण व अधिष्ठान यांत जे सुधारता येईल ते सुधारावयाचे. त्याने पहिली गोष्ट लिहिली ती झोपेची, आणि दुसरी, मित्रासमोर मोठ्याने बोलत प्रश्न सोडविण्याच्या सरावाची. दैवाखाली जे येईल ते वाचून पान मिटावयाचे.

पाचव्या दिवशी वह्या माळ्यावरून खाली आल्या. आईने पूर्ववत कुकर लावला. पुढे त्याला कोणती नोकरी मिळाली, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. परंतु ते येथे मुद्दाम लिहिलेले नाही. ते वाचल्यावाचून हा पाठ अपुरा वाटत असेल, तर फलासक्ती किती खोल असते याची खूण प्रत्येकाने आपल्याच ठायी पटवून घ्यावी.

मननासाठी

१. नुकत्याच आलेल्या एखाद्या यशाची पाच कारणे लिहा. त्यांत इतरांचा वाटा किती निघाला?

२. आत्मपरीक्षा व आत्मनिंदा यांतील भेद स्वतःच्या एका अनुभवावरून सांगा.

३. घरातील कोणाच्या कर्मफळावर आपण आपली प्रतिष्ठा उभी केली आहे काय?

४. दुसऱ्या अध्यायातील ४७ व्या श्लोकाचा चौथा चरण आपल्या सध्याच्या कोणत्या कामाला लागू पडतो?